अकरावीतली मुलगी, मोठी विद्यापीठे आणि ‘किती टक्के शक्यता?’

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटहून एका आईने विचारले आहे. मुलगी तिथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये अकरावीत असून पहिले सत्र नुकतेच संपले आहे. पाच सत्रांची सरासरी भाराविना ३.९३ आणि शाळेच्या हिशेबाने भारासह, म्हणजे कठीण विषयांना जादा गुण धरून, ४.२० आहे, सॅट या प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १५३०, त्यातले गणिताचे ८०० पैकी ७९०, दहावीत दोन एपी, म्हणजे शाळेतच घेतले जाणारे कॉलेजच्या पातळीचे, विषय झाले, यंदा चार चालू आहेत. रोबोटिक्स क्लबमध्ये तीन वर्षे काढली आहेत, भरतनाट्यमचे अरंगेत्रम झाले आहे, आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तसे, ‘रविवारी मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते’ असेही एक वाक्य आहे. मुलीला कॉम्प्युटर सायन्स हवे आहे. यादीत स्टॅनफर्ड, एमआयटी, हार्वर्ड, प्रिन्स्टन, कार्नेगी मेलन, बर्कली आणि यूसीएलए अशी सात नावे आहेत. प्रत्येक ठिकाणी किती टक्के शक्यता आहे ते आकड्यांत सांगावे, नववीत इंग्रजीत पडलेल्या दोन ‘बी’ श्रेणींनी सगळे बिघडले का ते सांगावे, आणि मराठी शाळा सोडवून तो वेळ सॅट पुन्हा देण्यासाठी वापरावा का तेही सांगावे, असे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाला मी आकड्यात उत्तर देणार नाही, आणि त्यामागे माझी एक जुनी चूक आहे. या कामात नवी असताना एका मुलाच्या वडिलांना मी एका नामांकित विद्यापीठाबद्दल ‘साठ टक्के’ असे सांगून बसले होते. नकार आला तेव्हा वडिलांनी शांतपणे विचारले, की उरलेले चाळीस टक्के नेमके कशाचे होते? मला सांगता आले नाही, कारण साठही कुठून आले होते ते मला माहीत नव्हते. त्यानंतर जवळपास अठरा वर्षे मी मुलांचे अर्ज पाहत आले आहे, मधले काही हंगाम एका सरकारी विद्यापीठासाठी बाहेरची वाचक, म्हणजे अर्ज वाचून मत देणारी, म्हणून शेकडो फायली वाचल्या आहेत, आणि माझे मत असे झाले आहे की शक्यता मुलीच्या अंगी चिकटलेली नसते. तिची फाइल कोणत्या गठ्ठ्यात जाऊन पडते, यावर ती बरीचशी ठरते. कोणता विषय, कोणत्या राज्यातून, कोणत्या फेरीत (लवकरच्या की नेहमीच्या) आणि कोणत्या शाळेतून, या चार गोष्टी बदलल्या की तीच मुलगी आणि तेच गुण असूनही निकाल वेगळा लागू शकतो.

आधी त्या दोन ‘बीं’चे पाहू, कारण तुमची झोप बहुधा त्यांनीच उडवली आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी (बर्कली आणि यूसीएलए हे तिचेच कॅम्पस), आपली सरासरी काढताना नववीच्या श्रेणी मोजतच नाही; नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंत घेतलेले ‘ए-जी’ या तिच्या आवश्यक विषयांच्या यादीतले विषयच धरले जातात. एपी किंवा मान्य ऑनर्स विषयांना सत्रामागे एक जादा गुण मिळतो, पण जास्तीत जास्त आठ सत्रांपुरते, आणि त्यातही दहावीच्या चार सत्रांहून जास्त नाहीत. तुमच्या मुलीचे दोन्ही वर्षांचे सहा-सहा विषय या यादीतले आहेत असे धरले तर एकूण २४ सत्रश्रेणी होतात. सगळ्या ‘ए’ राहिल्या तर प्रत्येकी ४ प्रमाणे ९६ गुण, अधिक मर्यादेतले ८, म्हणजे १०४; त्याला २४ ने भागले की ४.३३ येतात. सहा विषय घेणाऱ्या मुलाला या हिशेबात याहून वर जाताच येत नाही. शाळेच्या पत्रकावरचा ४.२० हा आकडा तुम्ही ज्याच्या त्याच्याशी ताडून पाहत आहात, तो यूसीच्या सरासरीत वापरलाच जाणार नाही. नववीची श्रेणी वाचकाला दिसते हे खरे आहे, पण दहावीपासून पुढे सरळ ‘ए’ दिसत असताना कोणताही अनुभवी वाचक तिथे अडून राहत नाही. खासगी विद्यापीठे पूर्ण पत्रक पाहतात, तरी तिथेही चढता आलेख हा चढताच आलेख असतो.

सॅटच्या बाबतीत तुमच्या यादीचे मुख्यतः दोन भाग पडतात. यूसीच्या सर्व कॅम्पसांनी आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या महाविद्यालयांनी प्रवेशासाठी सॅट किंवा तिच्यासारखीच एसीटी परीक्षा पाहणे पूर्ण बंद केले आहे. १६०० गुण असले तरी वाचकाच्या पडद्यावर ते उमटत नाहीत. उलट एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, आणि २०२४ मध्ये हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन, कॅलटेक व स्टॅनफर्ड यांनी तसेच निर्णय जाहीर केले. या दुसऱ्या भागासाठी १५३० आणि गणितात ७९० पुरेसे आहेत. १५३० चे १५६० झाल्याने निकाल फिरलेला मी पाहिलेला नाही. आशियाई अर्जदारांशी भेदभाव केल्याच्या आरोपावरून हार्वर्डविरुद्ध चाललेल्या खटल्यात २०१८ साली बोस्टनमध्ये जी माहिती उघड झाली तीत एका वर्षीच्या देशांतर्गत अर्जदारांपैकी सुमारे ३,४०० जणांना सॅटच्या गणितात पैकीच्या पैकी गुण होते आणि ८,००० हून अधिक जणांची सरासरी पूर्ण होती, तर प्रवेशाची एकूण पत्रे जेमतेम दोन हजार निघतात. परीक्षेचे गुण दाराशी पोचवतात. आत कोणाला घ्यायचे हे ठरवताना हार्वर्डचे लोक अभ्यास, अभ्यासेतर काम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळे मानांकन देतात, हेही त्याच खटल्यात सविस्तर बाहेर आले.

आता गठ्ठ्यांकडे वळते. हार्वर्डमध्ये २०२४ साली दाखल झालेल्या वर्गासाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश देऊ केला गेला, म्हणजे ३.६ टक्के. स्टॅनफर्डचे प्रमाण त्या वर्षी जवळपास तितकेच होते, आणि एमआयटीने २८,२३२ अर्जांतून १,२७५ जणांना निवडले, म्हणजे ४.५ टक्के. पण हे प्रमाण सर्वांना सारखे लागू नसते. त्या १,९३७ मध्ये संघासाठी निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांच्या ओळखीतली आणि प्राध्यापकांची मुले असतात. खटल्यातल्या आकड्यांच्या अभ्यासातून असे दिसले की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जण या चार प्रकारांतले होते. तुमची मुलगी या चारांपैकी कशातच बसत नाही, तेव्हा तिच्या गठ्ठ्यातले प्रमाण जाहीर आकड्याहून कमीच धरले पाहिजे. एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देत नाही, हा तिथल्यापुरता दिलासा आहे. तिथे अर्ज करणाऱ्या मुली मुलांपेक्षा कमी असल्याने मुलींचे प्रवेशाचे प्रमाणही जास्त दिसत आले आहे; विद्यापीठे दर वर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे जे पत्रक प्रसिद्ध करतात त्यात हे आकडे कोणालाही पाहता येतात. बर्कली आणि यूसीएलएमध्ये मात्र असे होऊ शकत नाही, कारण १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन २०९ प्रमाणे सरकारी विद्यापीठांना वंश किंवा लिंग पाहून प्राधान्य देता येत नाही. आशियाई असल्याचा तोटा होतो का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पुढच्या पत्रात विचाराल म्हणून सांगते: यूसीमध्ये तो मुद्दा तेव्हाच निकाली निघाला, आणि खासगी विद्यापीठांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ च्या निकालात वंश हा निकष म्हणून वापरणे बंद केले. त्यावर आणखी रात्री जागवू नयेत.

यूसीमध्ये खरा गठ्ठा विषयाचा असतो, आणि आपल्या घरांतून नेमके हेच दुर्लक्षिले जाते. यूसीएलएकडे २०२४ साठी सुमारे १ लाख ४६ हजार अर्ज आले आणि साधारण ९ टक्क्यांना होकार मिळाला, पण तिथले कॉम्प्युटर सायन्स इंजिनिअरिंग शाखेत येते, तिथे निवडताना विषय पाहिला जातो आणि प्रमाण त्या ९ टक्क्यांच्या बरेच खाली जाते. बर्कलीत २०२३ पासून कॉम्प्युटर सायन्ससाठी प्रथमवर्षाच्या अर्जातच थेट निवड होते. ‘आधी दुसऱ्या विषयात शिरू आणि मग बदलून घेऊ’ हा जुना मार्ग जवळपास बंद झाला आहे. कार्नेगी मेलनचेही तसेच आहे: विद्यापीठाचे एकूण प्रमाण पाहून तिथल्या स्कूल ऑफ कॉम्प्युटर सायन्सचा अंदाज बांधणारा हमखास फसतो.

शाळा ही चौथी गोष्ट. फाइल उघडल्यावर मी गुणांकडे जायच्या आधी शाळेची माहिती पाहत असे: तिथे किती एपी उपलब्ध आहेत, बहुतेक मुले किती घेतात. तीन एपी देणाऱ्या शाळेत तिन्ही घेणारी मुलगी आणि वीस देणाऱ्या शाळेत सहा घेणारी मुलगी यांचे वाचन वेगळे होते. फ्रीमॉंटमधल्या शाळांत तुमच्या मुलीसारखे पत्रक असणारी मुले वर्गागणिक निघतात, आणि तुलना आधी त्यांच्याशीच होते. यावर तुम्ही काही करू शकत नाही; शाळा बदलण्याचा विचार तर अकरावीत अजिबात करू नका. मात्र याच रचनेत एक फायदाही दडलेला आहे. आपल्या शाळेत पहिल्या नऊ टक्क्यांत गणल्या गेलेल्या कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्याला यूसीमध्ये कुठेतरी जागेची हमी असते. मागितलेल्या कॅम्पसांपैकी एकही मिळाला नाही तर जिथे जागा असेल तिथे, व्यवहारात बहुधा यूसीच्या मर्सेड कॅम्पसला, बोलावणे येते.

एक हिशेब मी पालकांना नेहमी करून दाखवते. दहा विद्यापीठांत प्रत्येकी ५ टक्के शक्यता धरली आणि ती एकमेकांपासून स्वतंत्र मानली, तर निदान एक तरी मिळण्याची शक्यता ४० टक्क्यांवर जाते, आणि हा आकडा पाहून घरात हायसे वाटते. पण या दहा सोडती स्वतंत्र नसतातच. तीच श्रेणी, तीच शिफारसपत्रे आणि तोच निबंध दहाही ठिकाणी जातो, आणि जे एका वाचकाला सपक वाटले ते बहुधा दुसऱ्यालाही वाटते. म्हणून मार्चअखेरीस एखाद्या घरी तीन होकार येतात, आणि शेजारच्या तितक्याच हुशार मुलाकडे अकरा नकार येतात. यादीत ४ टक्क्यांची नावे वाढवत नेल्याने संरक्षण मिळत नाही. होते ते एवढेच, की प्रत्येक नावामागे आणखी तीन-चार पूरक निबंध लिहावे लागतात आणि सगळेच घाईचे होतात.

तुमच्या सात नावांतली पाच खासगी आहेत आणि सातही अशी, की जिथे होकार गृहीत धरता येत नाही. ही यादी मला सर्वांत जास्त खटकते. माझ्या मते हार्वर्ड आणि प्रिन्स्टन ही केवळ नावे म्हणून आलेली आहेत; मुलीला तिथले काय हवे आहे हे पत्रात कुठेही नाही. स्टॅनफर्ड आणि एमआयटी ठेवायची तर ठेवा, पण मिळणार नाहीत असे समजून बाकीचे नियोजन करा. यूसीचा अर्ज एकच असतो, म्हणून बर्कली-यूसीएलएसोबत सॅन डिएगो, अर्व्हाइन, डेव्हिस, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ भरायला जादा लिखाण लागत नाही, फक्त प्रत्येक कॅम्पसचे शुल्क लागते. त्यातही सॅन डिएगो आणि अर्व्हाइनचे कॉम्प्युटर सायन्स सोपे समजू नये. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीतली कॅल पॉली सॅन लुइस ओबिस्पो आणि सॅन होजे स्टेट ही नावे बे एरियातल्या आपल्या मंडळींच्या जेवणाच्या टेबलावर थोड्या संकोचानेच घेतली जातात. तो संकोच मला कधी समजलेला नाही, कारण सिलिकॉन व्हॅलीत काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या पदव्या सॅन होजे स्टेटच्याच आहेत. दक्षिणेला क्लेअरमॉंटमध्ये हार्वी मड नावाचे जेमतेम नऊशे विद्यार्थ्यांचे महाविद्यालय आहे. तिथल्या वर्गात मुली साधारण निम्म्या असतात, अभ्यास कमालीचा कठीण असतो, आणि आपल्याकडे ते फारसे कोणाला माहीत नसते. तेही पाहून या.

याच ठिकाणी पत्रातले ते शेवटचे वाक्य मला थांबवते. मी उलट विचारले तेव्हा कळले की मुलगी सात ते नऊ वर्षांच्या अकरा मुलांना शिकवते. इथे जन्मलेल्या या मुलांना ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक ऐकूच येत नाही, म्हणून ‘काळा’ आणि ‘काला’ त्यांना एकच वाटतात. तिने ओळखीतल्या सहा आज्यांकडून अशा जोड्यांचे शब्द वदवून फोनवर मुद्रित केले, त्यांचा एक साधा खेळ प्रोग्राम करून बनवला, आणि कोणते मूल कोणत्या जोडीला चुकते हे ती वहीत टिपून ठेवते. तुम्ही अरंगेत्रमला चार ओळी दिल्या आणि याला अर्धी. वाचक म्हणून सांगते: रोबोटिक्स क्लब आणि शास्त्रीय नृत्य यांच्या फायली एका दिवसात दहा तरी समोर येत. ‘ळ’ची एकही आली नव्हती.

कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या सामायिक अर्जात, दहा उपक्रमांची जागा असते आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरखुणा मिळतात, रिकाम्या जागा धरून. तिथे ‘लहान मुलांना मराठी शिकवून आपली संस्कृती जतन करण्यात नेतृत्व’ असे लिहिले तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. ‘अकरा मुले, सहा आज्यांचे आवाज, ऐकू न येणाऱ्या ध्वनींसाठी खेळ तयार केला, चुका दर आठवड्याला नोंदवते’ असे लिहिले तर तो थांबतो. मात्र कृपा करून याची संस्था नोंदवू नका, संकेतस्थळ काढू नका, तिला ‘संस्थापक’ करू नका. अकरावीच्या उन्हाळ्यात जन्मलेल्या आणि बारावीच्या जानेवारीत मावळलेल्या सेवासंस्था वाचकांनी इतक्या पाहिल्या आहेत, की त्या शब्दानेच त्यांचा सूर बदलतो.

या कामातून तिच्या विषयाचाही वेगळा विचार निघू शकतो, पण तो तिच्या मनात असेल तरच. यूसीएलएमध्ये भाषाविज्ञान आणि कॉम्प्युटर सायन्स असा एकत्रित पदवीक्रम आहे, आणि तो लेटर्स अँड सायन्स कॉलेजात असल्याने तिथे प्रवेश देताना विषय पाहिला जात नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसवरही असाच जोडविषय आहे. तिला ध्वनी आणि भाषा खरोखर आवडत असतील तर हे तिचे स्वाभाविक ठिकाण ठरेल. ‘मागच्या दाराने कॉम्प्युटर सायन्स’ म्हणून तुम्ही तिला तिथे ढकलले, तर ते निबंधात उघड होईल, आणि पुढे इंजिनिअरिंगमध्ये बदली मिळणे यूसीएलएत फार कठीण असते.

फेरीबद्दल थोडक्यात. हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल आणि स्टॅनफर्ड यांचा लवकरचा अर्ज बंधनकारक नसतो, पण त्यात दुसऱ्या खासगी विद्यापीठाला लवकरचा अर्ज करता येत नाही. सरकारी विद्यापीठांना चालतो. कार्नेगी मेलनचा ‘अर्ली डिसिजन’ बंधनकारक आहे, निवड झाली तर जावेच लागते. खासगी विद्यापीठांचा वर्षाचा एकूण खर्च आता ८५ हजार डॉलर्सच्या पुढे गेलेला आहे, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावरचा खर्चाचा अंदाज देणारा तक्ता दोघांनी बसून भरल्याशिवाय बंधनकारक अर्जावर सही करू नका. यूसीची अंतिम मुदत नोव्हेंबरअखेरीस असते. तिथे आठांपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरे लिहायची असतात आणि शिक्षकांची पत्रे साधारणपणे मागत नाहीत. खासगी विद्यापीठांना मात्र ती लागतात, म्हणून मे महिन्याच्या आत तिने यंदाच्या दोन शिक्षकांना विचारून ठेवावे. त्यातले एक इंग्रजीचे असावेत असे मी सुचवीन. नववीत ज्या विषयात ‘बी’ होता त्यातच आता शिक्षक तिच्या बाजूने लिहितात, याचे वजन पडते.

बारावीचे वर्ष हलके घेऊ नका. यूसीचा होकार सशर्त असतो, आणि बारावीत एखादी ‘डी’ आली तर दिलेली जागा काढून घेतली जाऊ शकते. असे पत्र जुलैमध्ये आलेले घर मी पाहिले आहे. आणि सगळे नकार आलेच, तरी कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजची, दोन वर्षे हा कॅलिफोर्नियात खरा मार्ग आहे. तिथून बदलीने येणाऱ्यांसाठी यूसीचे सहा कॅम्पस ठरावीक अटींवर जागेची लेखी हमी देतात, आणि यूसीएलएमध्येही बदलीचे प्रमाण प्रथमवर्षाच्या कितीतरी वर असते. कॉम्प्युटर सायन्ससाठी तेही आक्रसते, आणि त्या हमीत काही कॅम्पस हा विषय देतही नाहीत. पण मार्ग आहे.

तेव्हा आकडे न देता माझा अंदाज असा: स्टॅनफर्ड, एमआयटी आणि कार्नेगी मेलन यांचा होकार आला तर आनंद, नाही आला तर आश्चर्य नाही. बर्कली आणि यूसीएलएच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये नकाराची तयारी ठेवावी, पण अर्ज जरूर करावा. सॅन डिएगो, अर्व्हाइन आणि डेव्हिस यांच्यापैकी निदान एका ठिकाणी तिला जागा मिळेल असे मला वाटते, कदाचित पहिल्या पसंतीच्या विषयात नाही. सांता क्रूझ आणि सॅन होजे स्टेट यांच्याबाबत मी बऱ्यापैकी निश्चिंत आहे, आणि यादी त्यांच्यापासून वर चढत लिहिली तर घरातली चर्चा सोपी जाते, असा माझा अनुभव आहे.

मराठी शाळा सोडवू नका. सॅट पुन्हा द्यायची गरज नाही, म्हणजे रविवार मोकळाच आहे. ती जी वही ठेवते ती तिने ऑगस्टपर्यंत अशीच भरत राहावी: कोणत्या तारखेला कोणते मूल कोणत्या शब्दाला अडले, आणि कधी सुटले. निबंध लिहायला बसेल तेव्हा तिला बाकी कशाहीपेक्षा ती वही लागणार आहे.